रांजण फुटला, भरायचं कोणी?

खांद्यावर दांडा आहे. दांड्याच्या मधोमध दोरीनं बांधलेला द्राक्षारसाचा मातीचा रांजण लोंबतोय आणि दुसरं टोक तुमच्या पुढं चालणाऱ्या गड्याच्या खांद्यावर आहे. पावलाला पाऊल जुळलं तर रांजण गप्प राहतो. जुळलं नाही की झुलतो, दांडा मानेत रुततो आणि आतला रस डचमळल्याचा आवाज येतो. जळगावच्या दाणाबाजारात हमालांना पाठीवर पोती घेऊन फळीवरून चढताना तुम्ही कितीदा पाहिलंय, त्यांच्यातून अंग चोरून वाटही काढली आहे. आज ओझं तुमच्या खांद्यावर आहे.

हा मुलूख तापीकाठचा नाही. तिग्रिस आणि युफ्रेटिस या नद्यांमधला, कालव्यांनी चिरलेला, खजुराच्या बागांचा हा बाबिलोनचा प्रदेश आहे. इसवी सनाचं तिसरं शतक चालू आहे, राज्य इराणच्या सासानी राजांचं आहे आणि गावोगाव यहुद्यांची जुनी वस्ती आहे. गरिबाघरी खजुराची दारू पितात. द्राक्षाचा रस महाग, म्हणून हा रांजण फुटला तर त्याची किंमत तुमच्या मजुरीत बसणार नाही, हे तुम्हाला उचलतानाच माहीत आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. या प्रवासात मी तुम्हाला मालकाच्या गादीवर बसू देणार नाही. प्रत्येक मुक्कामी तुम्ही मजूरच असाल. नुकसानीचा कायदा आपण नेहमी ज्याचं नुकसान झालं त्याच्या बाजूनं वाचतो, आणि तिथून मजुराचे फक्त हात दिसतात, त्याचा दिवस दिसत नाही.

गावाचं नाव सिख्रा. पुढच्या गड्याचा पाय खड्ड्यात जातो, दांडा फिरतो, रांजण जमिनीवर आपटतो. लाल रस धुळीत पसरतो आणि मालक धावत येतो. तुम्ही म्हणता, मुद्दाम नाही केलं. तो म्हणतो, मुद्दाम केलं असं मी तरी कुठं म्हणतोय? माझा माल गेला, भरून द्या.

या गावात रब्बी हिय्या बर योसेफ यांनी एक नियम घालून दिलेला आहे. असं दांड्यावरून नेताना रांजण फुटला तर मजुरानं निम्मी किंमत भरायची. कारण ऐका. हे ओझं एका माणसाला जास्त आणि दोघांना कमी. म्हणजे घडलं ते अपघाताच्याही जवळचं आणि हयगयीच्याही जवळचं, म्हणून अर्धं याचं, अर्धं त्याचं. निकाल देणाऱ्यानं मजुराचा स्वभाव तपासला नाही, ओझं तपासलं. सतराशे वर्षांपूर्वी एका न्यायकर्त्यानं विचारलं की हे उचलायला लावलं ते मुळात किती जणांचं काम होतं. आपल्याकडं शंभर किलोचं पोतं पन्नासावर आणण्यासाठी बाबा आढावांसारख्यांना हमालांबरोबर वर्षानुवर्षं लढावं लागलं. महाराष्ट्रात माथाडी कायदा आला तो 1969 साली. त्याआधी पोतं फुटलं तर उचलणाऱ्याचा दोष आणि पाठ मोडली तर तीही त्याचीच.

सिख्राच्या वाटेवर आणखी थोडं थांबा, कारण यहुदी कायद्याची रचना समजल्याशिवाय पुढचा प्रसंग कळणार नाही. दुसऱ्याची वस्तू हाती घेणाऱ्यांचे तिथं चार प्रकार धरले आहेत: फुकट सांभाळणारा, उसनी नेणारा, पैसे घेऊन सांभाळणारा आणि भाड्यानं घेणारा. फुकट सांभाळणाऱ्यानं हयगय केली नसेल तर तो शपथ घेऊन सुटतो. उसनं नेणाऱ्यावर सगळ्यात जास्त भार, कारण फायदा सगळा त्याचा. मजुरी घेऊन वस्तू हाताळणारा कारागीर किंवा हमाल हा पैसे घेऊन सांभाळणारा. चोरी झाली, हरवलं, तर त्यानं भरायचं. टाळताच न येणारी आपत्ती आली तर नाही. सुतारानं दुरुस्तीला घेतलेली पेटी मोडली तर भरायची. भिंत पाडायला घेतलेल्या गवंड्यानं दगड फोडले तरी भरायचं. आणि ठेच? ठेच लागणं ही आपत्ती की हयगय, यावर आचार्यांचं एकमत नव्हतं.

नियम काटेकोरपणे लावला तर तुम्ही भरायला हवं. तरी सिख्राबाहेर आचार्यांनी वेगळी वाट काढली. रांजण नेणाऱ्यानं शपथ घ्यावी की आपण हेतुपूर्वक फोडला नाही, आणि सुटावं. टायबेरियसच्या रब्बी योहानान यांच्या नावानं त्याचं कारण सांगितलं जातं, तेही अगदी बाजारातल्या माणसाचं: ही सोय केली नाही तर दुसऱ्याचा रांजण एका गावाहून दुसऱ्या गावी न्यायला कोणी तयारच होणार नाही. इथं दया दाखवली असं मला वाटत नाही. ओझी वाहणाऱ्यांवर बाजार चालतो, आणि त्यांच्या डोक्यावर प्रत्येक ठेचेची किंमत ठेवली तर बाजार बसेल, हे त्यांनी ओळखलं होतं.

आता शंभर वर्षं पुढं या. तिग्रिसच्या काठावरचं महोझा हे श्रीमंत शहर. हमरस्ता, दुतर्फा दुकानं, माणसांची रेटारेटी. भिंतीतून बाहेर आलेल्या एका कंगोऱ्यावर तुमचा रांजण आपटतो आणि फुटतो. तुम्हाला शपथेचा नियम ठाऊक आहे, म्हणून निर्धास्तपणे तुम्ही रावा या न्यायाधीशासमोर उभे राहता. रावा म्हणतो, या रस्त्यावर सदा माणसं असतात. कोणीतरी पाहिलं असेलच. साक्षीदार आण आणि सूट.

इथं मी अडखळतो. नियम सरळ आहे, जिथं साक्ष मिळू शकते तिथं नुसत्या शपथेवर सोडायचं नाही. त्यात खोट नाही. पण तुम्ही हमालाच्या अंगात आहात, तर विचारून बघा. आडरानात तुमच्या शब्दाला किंमत होती. इथं गर्दीत ती उरली नाही. ज्यांनी पाहिलं ते दुकानदार आहेत, उद्या त्याच मालकाशी त्यांचा व्यवहार आहे. तुमच्यासाठी दुकान सोडून कोण येणार? शपथ ही निर्धनाला परवडणारी गोष्ट होती. साक्षीदार जमवायला ओळखी लागतात.

ज्या प्रसंगासाठी तुम्हाला इतक्या लांब आणलं तो यानंतर येतो. यहुदी कायद्याची ही सगळी चर्चा ज्यात नोंदली आहे त्या तालमूद ग्रंथात तो याच पानावर आहे, पण काळानं मागचा, पुन्हा तिसऱ्या शतकातला. सन 219च्या सुमारास पॅलेस्टाइनहून बाबिलोनला परतलेले आणि सुरा इथं मोठं विद्यापीठ उभारणारे रव हे त्या काळचे थोर आचार्य. मालाचा धनी आहे रब्बा बर बर हनान. काही प्रतींत त्याचं नाव थोडं वेगळं येतं. तो साधासुधा व्यापारी नाही. स्वतः विद्वान आहे, कायदा जाणतो.

तुम्ही त्याच्या हमालांपैकी एक. रांजण फुटला आहे. तो ओरडत नाही, मारत नाही. तुमच्या अंगावरचे झगे उतरवून घेतो आणि निघतो. हिशेब त्याच्या बाजूनं चोख आहे, माल गेला म्हणून तारण घेतलं. पण तो झगा म्हणजे तुमचं दिवसा पांघरूण आणि रात्री अंथरूण, आपल्याकडच्या सालदाराची घोंगडी जशी. तोरा या यहुदी धर्मग्रंथाच्या अनुवाद नावाच्या पुस्तकात तर स्पष्ट सांगितलं आहे की गरिबाचं पांघरूण गहाण घेतलं तर सूर्य मावळताना परत करावं. रब्बानं ते शंभरदा वाचलं असणार. नुकसानभरपाई आणि कर्जाचं तारण या गोष्टी वेगळ्या, असंही त्याला म्हणता आलं असतं.

तुम्ही सगळे रवकडं जाता. उघड्या अंगानं.

रव ऐकून घेतात आणि रब्बाला सांगतात, त्यांचे झगे परत दे. रब्बा विचारतो, हा कायदा आहे का? विद्यार्थ्यानं गुरूला विचारावा असा हा प्रामाणिक प्रश्न आहे. रव म्हणतात, होय. आणि आधार म्हणून नीतिसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातल्या विसाव्या वचनाचा पहिला अर्धा भाग सांगतात, सज्जनांच्या वाटेनं चालण्याविषयीचा. झगे तुमच्या हातात येतात.

इथं तुम्ही गप्प बसू शकला असता. पण तुम्ही बोलता. आम्ही गरीब आहोत. दिवसभर राबलो. भूक लागली आहे, जवळ काही नाही. रव पुन्हा रब्बाकडं वळतात: जा, त्यांची मजुरी दे. रब्बाचा पुन्हा तोच प्रश्न. रवचं पुन्हा तेच उत्तर, होय, आणि आधाराला त्याच वचनाचा उरलेला अर्धा भाग, नीतिमानांच्या वाटा न सोडण्याविषयीचा.

गोष्ट एवढीच आहे. मूळ मजकूर मोजक्या ओळींचा. पण त्यात काय नाही ते पाहा. रांजण कसा फुटला हे रवनी विचारलेलं नाही. तुमची चूक नव्हती असं ते म्हणत नाहीत. शपथ घ्या म्हणत नाहीत, साक्षीदार आणा म्हणत नाहीत. ते तुमच्याशी बोलतच नाहीत, बोलतात फक्त धन्याशी. जणू दोष कोणाचा हा प्रश्न उद्या सकाळीही सोडवता येईल. संध्याकाळ झालेली आहे, माणसं उघडी आणि उपाशी आहेत, आणि हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळायचे नाहीत.

रब्बाची खरी चाल पाहा, म्हणजे हे नीट दिसेल. त्यानं मजुरी थांबवून ठेवली होती ती चोरायच्या इराद्यानं नाही. रांजणाची किंमत मजुरीतून वळती करून घ्यायची होती. वजावट. जगातल्या प्रत्येक मालकाला ही सुचते, कारण पैसे त्याच्याच हातात असतात. त्याला ना दावा लावावा लागतो, ना पुरावा द्यावा लागतो. तो फक्त देत नाही.

पुढच्या पंडितांना या प्रसंगानं स्वस्थ बसू दिलं नाही. फ्रान्सचे भाष्यकार राशी यांनी अकराव्या शतकात त्याचा अर्थ लावला की कायद्याच्या रेषेच्या आत, आपल्या हक्कापेक्षा कमी घेऊन थांबायला रवनी सांगितलं. मग वाद पेटला. न्यायालयानं असं थांबायची सक्ती करावी का? जर्मनीतले मोर्देखाई बेन हिलेल सक्तीच्या बाजूनं लिहितात, धनी ऐपतदार असेल तेव्हा. त्यांच्याच काळातले आशेर बेन येहिएल म्हणतात, उपदेश करा, सक्ती नको. पॅलेस्टाइनच्या तालमूदात अशीच हकीकत एका कुंभाराची आहे, मडकी फुटली, झगा काढून घेतला, आणि न्यायकर्त्यानं त्याच वचनाचा आधार दिला. एकाच वचनावर दोन देशांतले निकाल उभे राहिले, म्हणजे ही कोणा एका मवाळ माणसाची लहर नव्हती. मी मोर्देखाईंच्या बाजूचा आहे. उपदेश ऐकणारा मालक झगा काढून घ्यायच्या आधीच थांबलेला असतो.

मालकाची बाजू तालमूदाला कळत नव्हती असं मात्र नाही. रब्बी योहानान यांचंच आणखी एक बोलणं त्यात नोंदलेलं आहे: बापानं पुष्कळ पैसा ठेवला आणि तो उधळायचा असेल, तर मजूर लावावेत आणि त्यांच्याजवळ बसू नये. विशेषतः बैल घेऊन काम करणारे मजूर, कारण त्यांच्या हातून होणारं नुकसान मोठं असतं. रावेर-यावलच्या केळीवाल्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. ट्रॅक्टर दोन हात आत गेला की रांगच्या रांग आडवी होते, आणि घड उतरवताना एकदा घासला की व्यापारी तो बाजूला काढतो.

आता खानदेशात या. चाळीसगावजवळचं पाटण, जिथं आज आपण पाटणादेवीला जातो. शके 1128, म्हणजे इसवी सनाच्या तेराव्या शतकाची सुरुवात. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याच्या मठाला निकुंभ राजानं दिलेल्या देणगीचा शिलालेख इथं कोरला गेला, पुढं तो डॉ. भाऊ दाजी लाडांनी उजेडात आणला. तुम्ही घाट चढून आलेले बैलवाले आहात. पाठीवर माल दुसऱ्याचा, बैल दुसऱ्याचे, भाडं तुमचं. ओढ्यात एक गोण वाहून गेली आहे.

इथला कायदा याज्ञवल्क्य स्मृतीचा आणि तिच्यावरच्या मिताक्षरा टीकेचा. ती टीका विज्ञानेश्वरानं कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात, पाटणच्या शिलालेखाआधी शंभरएक वर्षं लिहिली. वाहकाच्या हातून माल गेला तर त्यानं भरावा. राजामुळं किंवा दैवामुळं गेला असेल तर नाही. मिताक्षरा याची प्रत लावते: हयगयीनं गेला तर तेवढीच किंमत, द्वेषानं नासवला तर दुप्पट, आणि चोरानं नेला, जळाला, पाण्यानं ओढून नेला तर काही नाही. म्हणजे ओढ्यातली तुमची गोण सुटली. बाबिलोनात चोरीची किंमत तुमच्या अंगावर आली असती, पाटणला येणार नाही. मजुरी घेणाऱ्या गुराख्यालाही असंच, सकाळी सोपवलेली जनावरं संध्याकाळी तशीच परत द्यायची, आणि त्याच्या दुर्लक्षानं मेलेल्या वा हरवलेल्या जनावराची किंमत भरायची. नियम नेटका आहे. पण निकाल झाल्यावर रात्री गुराखी काय खाईल, हा प्रश्न या प्रकरणात मला कुठं सापडत नाही.

शेवटचा मुक्काम फैजपूर, डिसेंबर 1936. काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन. बांबूंचं टिळकनगर उभं राहिलं आहे, सजावट नंदलाल बोसांची, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. साने गुरुजींनी या अधिवेशनासाठी खानदेशभर पायपीट केली आहे. तुम्ही सालदार. आखाजीला साल धरलं, मालकाची बैलगाडी घेऊन माणसं पोचवायला आलात आणि वाटेत गाडीचा आख मोडला.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये वेतन देण्यासंबंधीचा कायदा मंजूर झालेला आहे. 28 मार्च 1937पासून तो लागू होईल. त्याच्या आधी कामगारांची स्थिती तपासणारा व्हिटली आयोग देशभर फिरला, 1931 साली त्याचा अहवाल आला. कापड गिरण्यांत तेव्हा बिघडलेलं कापड विणकराच्याच माथी मारून त्याची किंमत पगारातून कापायची रीत होती. नव्या कायद्यानं वजावटीला वेसण घातली. वस्तू कामगाराच्या ताब्यात खास सोपवलेली असली पाहिजे, नुकसान त्याच्याच हयगयीनं झालेलं असलं पाहिजे, वजावट नुकसानीपेक्षा जास्त नको, आधी त्याचं म्हणणं ऐकायचं आणि मग वहीत नोंद करायची. भुसावळचा रेल्वे कामगार आणि अमळनेरच्या प्रताप मिलचा विणकर, महिन्याला दोनशेच्या आत कमावणारा, यांना या कलमांचा आधार मिळणार आहे. रवच्या दारातला तो प्रश्न, वळतं करून घ्यायचा अधिकार मालकाला एकट्याला द्यायचा का, अखेर एका कायद्याच्या पोटात आला.

तुम्ही त्यात नाही. कायदा कारखान्यांना आणि रेल्वेला लागू आहे, शेताला नाही. मंडपात शेतीचा कार्यक्रम मंजूर होतो, त्यात शेतमजुराला जगण्यापुरती मजुरी कायद्यानं मिळावी अशी मागणी आहे. टाळ्या पडतात, आणि त्या मनापासूनच्या आहेत. पण मोडलेल्या आखाबद्दल तिथं कोणी बोलत नाही. तुम्ही परत गेल्यावर मालक तो सालाच्या रकमेत धरेल की सोडून देईल, हे त्याच्या मनावर. खाडे मोजायची रीत ठरलेली आहे. मोडतोड मोजायची नाही.

आता या प्रवासातून उतरा आणि पहिल्यांदाच मालक व्हा. आखाजी जवळ आली आहे, तुमच्या ओट्यावर सालदार बसला आहे. रक्कम किती, उचल किती, धान्य द्यायचं का, सुट्ट्या किती, हे बोलून झालं. तालमूदाचा मूळ भाग असलेल्या मिश्नात रब्बी योहानान बेन मत्या यांची गोष्ट आहे. मुलानं मजूर ठरवले आणि नुसतं जेवण देऊ म्हणाला. बाप म्हणाला, शलमोन राजासारखी मेजवानी दिलीस तरी ती बोली पुरी होणार नाही. ते कामाला हात लावायच्या आत जा आणि भाकरी-डाळीचं नीट बोलून ये. दुसरे एक आचार्य तिथंच म्हणतात, काही बोलायची गरज नाही, त्या गावची रीत असेल तसं. पण मोडतोडीच्या बाबतीत आपल्या गावची रीत काय आहे, हे मला जिथं विचारावं तिथं वेगळं सांगतात. म्हणून बापाचं ऐका. पंप जळाला तर काय, बैलाला लागलं तर काय, घड घासला तर काय, निम्मं की काहीच नाही, आणि काहीही झालं तरी ठरलेला हप्ता त्या महिन्यात थांबणार नाही, हे साल सुरू व्हायच्या आत बोला. मग त्याला विचारा, तुझं काही आहे का. तो बहुतेक थोडं थांबेल आणि म्हणेल की वीज रात्रीची असते तेव्हा पाणी भरायला एकट्याला पाठवू नका, ते दोघांचं काम आहे.